सिंथेटिक इंजिन ऑइल कधी बदलायचं? नवीन गाडीवाल्यांसाठी सगळी माहिती

खंबाटकी घाट चढताना एका वळणावर मीटरमध्ये लाल दिवा लुकलुकला. तेलाच्या झारीचं चित्र असलेला. वळण संपलं तसा तो विझला. पुढच्या वळणावर पुन्हा लागला आणि या वेळी इंजिनातून शिवणयंत्रासारखी टकटक ऐकू आली. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून पाहिली, तर टोकाला एक काळा थेंब चिकटलेला आणि बाकी पट्टी कोरडी. शेजारी आई बसली होती, आम्ही कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालो होतो. त्या दिवशी गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवून परत आणावी लागली.

त्याआधीच्या सर्व्हिसिंगला गॅरेजमध्ये मला सांगितलं होतं, "ताई, फुल सिंथेटिक टाकलंय, आता वीस हजार किलोमीटर बघायला नको." मी खरंच बघितलं नाही. दिवा लागला तेव्हा त्या तेलावर १३,४०० किलोमीटर झाले होते आणि सव्वा वर्ष उलटलं होतं. इंजिनाचं चेंबर, म्हणजे तळाशी तेल साठतं ते भांडं, खाली उतरवल्यावर मिस्त्रींनी तेल खेचणारी जाळी माझ्या हातात दिली. निम्म्याहून जास्त भोकं काळ्या, मेणासारख्या गाळाने बंद झालेली होती. नखाने खरवडला तरी निघेना. चेंबर साफ करणं, जाळी बदलणं, नवं तेल, फिल्टर आणि टोइंग मिळून २८,००० रुपये गेले. बेअरिंग वाचली हे नशीब.

त्यानंतर मी गाडीचं मॅन्युअल पहिल्यांदा नीट वाचलं, तेलाच्या डब्यावरच्या अक्षरांचा अर्थ समजून घेतला आणि पुढची तीन ऑइल चेंज स्वतः समोर उभी राहून करून घेतली. हे सगळं मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून क्रमाने लिहिते आहे.

घाईत असाल त्यांच्यासाठी उत्तर आधीच देते. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना कंपनी १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं सांगते. काही गाड्यांना १५,००० सांगतात. हा आकडा म्हणजे वरची हद्द. तुमचं रोजचं चालवणं शहरातल्या गर्दीतलं असेल तर तेल त्याच्या बरंच आधी बदलावं लागतं. आणि तेल सिंथेटिक आहे म्हणून ही हद्द वाढत नाही.

आधी हे जवळ घ्या

- गाडीचं मॅन्युअल. हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल आणि वर्ष टाकून फुकट मिळतं. तुमच्याच इंजिनाचं आहे ना, हे बघून घ्या.
- सर्व्हिस बुक किंवा मागची दोन-तीन बिलं.
- शेवटचं तेल बदललं ती तारीख आणि त्या वेळचं किलोमीटरचं रीडिंग.
- मागच्या वेळी टाकलेल्या तेलाचं नाव आणि ग्रेड. बिलावर नुसतं 'इंजिन ऑइल' लिहिलं असेल तर गॅरेजला फोन करून विचारा.
- धागे न सुटणारं जुनं सुती फडकं. धोतराचं किंवा जुन्या साडीचं उत्तम.
- एक छोटं फनेल, आणि लांबच्या प्रवासाला निघताना त्याच ग्रेडच्या तेलाचा अर्धा किंवा एक लिटरचा डबा.

१. मॅन्युअलमधला दुसरा तक्ता शोधा

देखभालीच्या प्रकरणात पहिला तक्ता नेहमीच्या वापराचा असतो. सर्व्हिस सेंटरवाले बोलतात तो आकडा तिथला. त्याच्या पुढे दोन-चार पानांवर, बऱ्याचदा बारीक अक्षरात, 'कठीण परिस्थितीतला वापर' या अर्थाचा आणखी एक तक्ता असतो. तिथे इंजिन ऑइलचं अंतर पुष्कळदा निम्म्यावर आणलेलं दिसतं, म्हणजे ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने.

कठीण परिस्थिती म्हटल्यावर मला वाळवंट किंवा लडाख डोळ्यांसमोर आलं होतं. प्रत्यक्षात त्या यादीत काय असतं ते पाहा: वारंवार जवळच्या जवळ फेऱ्या, सतत थांबत-निघत चालवणं, इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभं राहणं, धुळीचे रस्ते, कडक ऊन, जड सामान ओढणं. आता पुण्यातल्या कुठल्याही आयटीवाल्याची सोमवार सकाळ आठवा. मुलाला शाळेत सोडायचं, तिथून हिंजवडीच्या वाटेवर वाकडच्या पुलाखाली एसी लावून अर्धा तास उभं राहायचं. आपल्यातल्या बहुतेकांचा नेहमीचा वापर कंपनीच्या भाषेत कठीणच ठरतो.

२. किलोमीटर सोडा, इंजिन किती तास चाललं ते काढा

हा भाग नीट वाचा, कारण माझं चुकलं ते इथे.

किलोमीटर चाकं मोजतात. तेल मात्र इंजिन चालू असेपर्यंत काम करत असतं, मग गाडी पुढे सरको वा न सरको. गाडीच्या स्क्रीनवर सरासरी वेग दिसत असेल तर तो बघा. माझ्या गाडीत रोजच्या ऑफिसच्या वापरात तो ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने १०,००० किलोमीटर व्हायला इंजिन ५०० तास चालतं. महामार्गावर ताशी ६० ची सरासरी धरणाऱ्या माणसाला तेवढ्याच किलोमीटरना १६७ तास लागतात. मीटरवर दोघांचं रीडिंग एकच, पण माझ्या तेलाने तिप्पट वेळ गरम होऊन फिरण्याचं काम केलेलं असतं.

स्क्रीन नसेल तर आठवडाभर वहीत लिहा: निघताना आणि पोचल्यावर घड्याळ आणि रीडिंग. एकूण किलोमीटरला एकूण तासांनी भागा. सात दिवसांची नोंद पुरते.

आता सिंथेटिक तेलाचा फायदा नक्की कुठे होतो ते. उष्णतेत ते मिनरल तेलापेक्षा (कच्च्या तेलापासून साध्या पद्धतीने काढलेल्या) कितीतरी हळू जळतं आणि हळूच घट्ट होतं, थंड इंजिनात लवकर वर चढतं, टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) तापमानात टिकतं. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच मी आजही सिंथेटिकच वापरते. पण इंजिनाच्या तेलात बाहेरून जे येऊन मिसळतं ते तेलाचं नाव बघून येत नाही. न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपतं. ज्वलनात तयार झालेली वाफ थंड इंजिनात पाणी होऊन तेलात उतरते. काजळी येते, आम्ल येतं, हवेतली बारीक धूळ येते. या सगळ्याला धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, झीज थांबवणारी रसायनं तेलात मिसळलेली असतात आणि ती वापराने संपत जातात. तेल स्वतः शाबूत असतं, पण घाण पोटात घ्यायची त्याची ताकद संपलेली असते. मग ती घाण गाळ होऊन जाळीवर बसते.

चार किलोमीटरवर भाजी आणायला जाऊन परत येणारी गाडी म्हणूनच तेलाला फार महागात पडते. मीटरवरचा काटा बहुतेकदा पाण्याचं तापमान दाखवतो. तो मध्यावर आला तरी तेल तापायला आणखी वेळ लागतो. तेल पूर्ण तापल्याशिवाय त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. रोज चार-चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते साठतच राहतं.

३. डब्यावरची अक्षरं वाचायला शिका

मोठ्या अक्षरात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड असताना तेल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा घट्टपणा. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून पहिला आकडा बिनकामाचा, असं पुष्कळ जण सांगतात. ते चूक आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन सकाळी सुरू करताना पुण्यातही थंडच असतं, आणि सुरुवातीच्या त्या काही सेकंदांत तेल वरपर्यंत लवकर पोचणं फार महत्त्वाचं.

मॅन्युअलमध्ये दिलेली ग्रेडच टाका. "उन्हाळा आहे, जरा घट्ट टाकू" असं म्हणत ०डब्ल्यू-२० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतणारे अजून भेटतात. नव्या इंजिनातल्या फटी आणि तेलाच्या वाटा पातळ तेल धरून बनवलेल्या असतात.

दुसरी खूण एपीआयची, म्हणजे तेलाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची. डब्याच्या मागे गोल शिक्का असतो, त्यात एसएन, एसपी अशी अक्षरं दिसतील. 'एस'ने सुरू होणारी वर्गवारी पेट्रोल इंजिनांची, 'सी'ने सुरू होणारी डिझेलची. दुसरं अक्षर इंग्रजी वर्णमालेत जितकं पुढचं तितकं मानक नवं. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. मॅन्युअलने एसएन मागितलं असेल तर एसपी चालतं. उलटं चालत नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगाला ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर अवेळी स्फोट होण्याचा त्रास असतो, तो रोखण्याची चाचणी एसपीमध्ये आहे. तुमची गाडी टर्बो असेल तर ही दोन अक्षरं बघितल्याशिवाय डबा घेऊ नका.

आणि 'सिंथेटिक' हा शब्द. पूर्वी तो फक्त कारखान्यात रेणू जोडून बनवलेल्या तेलाला वापरायचे. १९९९ मध्ये अमेरिकेत जाहिरातींच्या एका तक्रारीवर निर्णय झाला आणि कच्च्या तेलावर फार खोल प्रक्रिया करून काढलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणायला वाट मोकळी झाली. आज बाजारातलं पुष्कळसं फुल सिंथेटिक त्या दुसऱ्या प्रकारचं असतं आणि ते चांगलंही असतं. पण 'फुल सिंथेटिक' वाचून तेल किती दिवस टिकेल ते कळत नाही. त्यासाठी ग्रेड, एपीआयची अक्षरं आणि मॅन्युअल हेच बघायचं.

४. तुमचं इंजिन कुठलं?

साधं पेट्रोल, टर्बो नसलेलं: सगळ्यांत सोशिक. लांबच्या रस्त्यावर चालत असेल तर कंपनीचा आकडा निर्धास्त पाळा.

टर्बो पेट्रोल: टर्बोची दांडी तेलावरच फिरते आणि प्रचंड तापते. शिवाय यातल्या बऱ्याच इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि ते तेलात जास्त झिरपतं. शहरात चालवत असाल तर या गाडीच्या बाबतीत अजिबात ढिलाई नको.

सीएनजी: इथे डोळे फसवतात. सीएनजीमुळे काजळी फार कमी होते, त्यामुळे तेल आठ हजार किलोमीटरनंतरही मधासारखं दिसतं. "अजून नवंच आहे की" म्हणून लोक पुढे ढकलतात. ज्वलनाच्या उष्णतेने ते तेल आतून जुनं होत असतं, घट्ट होत असतं. रंग कसाही असो, तारीख पाळा.

डिझेल: इथे उलटं. बदलल्यावर चार-पाचशे किलोमीटरमध्ये तेल काळं होतं आणि ते बरोबर आहे, काजळी धरून ठेवतंय म्हणजे काम करतंय. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक मानकाच्या) डिझेल गाड्यांचं मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यांच्या धुराड्यात काजळी गाळणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळते, आणि त्यासाठी सलग थोडं वेगात चालणं लागतं. गल्लीबोळातच फिरणाऱ्या गाडीत ही जळण्याची क्रिया अर्धवट राहते आणि ते डिझेल तेलात उतरतं. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, तेलात डिझेल मिसळलं आहे. किलोमीटर कितीही कमी झाले असोत, तेल बदला. या गाड्यांना कमी राख करणारं तेलच लागतं. मॅन्युअलमध्ये एसीईएचं (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचं) सी-२ किंवा सी-३ असं काही दिलेलं असेल, डब्यावर तेच असायला हवं. चुकीच्या तेलाची राख डीपीएफमध्ये कायमची बसते आणि तो बदलणं फार महाग पडतं.

५. आता आकडा ठरवा

मी स्वतः, आणि माझं ऐकणाऱ्या घरच्यांनी, हे धरलंय. वरची हद्द कायम मॅन्युअलची, आणि वॉरंटीत असाल तर तिच्याबाहेर एक किलोमीटरही जाऊ नका.

महिन्याला हजार किलोमीटरच्या वर, बहुतांश महामार्ग: १०,००० किलोमीटर. वर्षाच्या आतच होतात.

रोज शहरात, सरासरी वेग ताशी २० च्या आसपास, साधं पेट्रोल किंवा सीएनजी: ७,००० ते ७,५००. मॅन्युअलचा कठीण वापराचा तक्ता ५,००० म्हणत असेल आणि गाडी वॉरंटीत असेल तर ५,०००.

शहरातली टर्बो पेट्रोल: ५,००० ते ६,०००. खर्च वाढतो, मान्य आहे. टर्बो बदलायचा खर्च विचारून या आणि मग ठरवा.

ऊसपट्ट्यातले, खाणीकडचे, कच्च्या रस्त्यावरचे: ५,०००, आणि त्याच वेळी एअर फिल्टर काढून बघणं. धूळ तेलात जाते ती तिथूनच.

फार कमी चालणारी गाडी: वर्षातून एकदा, किलोमीटर न बघता.

६. महिन्यातून एकदा डिपस्टिक

तेल कितीही चांगलं असलं तरी इंजिन थोडं थोडं तेल जाळतं. माझ्या गाडीने १३,४०० किलोमीटरमध्ये एक लिटरहून जास्त खाल्लं होतं. तीन-साडेतीन लिटर मावणाऱ्या इंजिनात ते फार होतं. घाटात चढावर आणि वळणावर उरलंसुरलं तेल एका बाजूला जायचं, जाळी उघडी पडायची आणि पंप हवा खेचायचा. दिवा लुकलुकत होता तो त्यामुळे. हा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब गेल्याचं सांगतो. म्हणजे तो लागतो तोपर्यंत उशीर झालेला असतो. कधीही लागला तर 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ' असं करू नका, जागेवर इंजिन बंद करा.

बघायची पद्धत: गाडी सपाट जागी उभी करा. सोसायटीच्या उतारावरचं पार्किंग चालणार नाही. इंजिन तापवून बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, तेल खाली उतरू दे. बॉनेट उघडा, पिवळ्या किंवा नारिंगी कडीची पट्टी ओढा, फडक्याने स्वच्छ पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, बाहेर काढा आणि आडवी धरून बघा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते धरायचं नाही. टोकाला दोन खुणा असतात, कधी दोन भोकं, कधी रेघा. तेल दोन्हींच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेच्या जवळ हवं.

कमी असेल तर त्याच ग्रेडचं तेल एका वेळी २०० मिलिलिटरएवढं ओता, थांबा, पुन्हा बघा. छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. वरच्या खुणेच्या पुढे भरलं तर फिरणारी क्रँक (इंजिनातला मुख्य दांडा) ते घुसळून फेस करते आणि फेसाने दाब मिळत नाही. कमी तेलासारखंच जास्त तेलही इंजिनाचं नुकसान करतं.

बोटावर घेऊन बघा. दुधाळ, कॉफीच्या रंगाचं तेल म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मिसळतंय, गाडी चालवू नका. पावसाळ्यात तेल ओतायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरा लोणी लागल्यासारखा थर दिसतो. जवळच्या फेऱ्या आणि दमट हवा यांनी तो होतो. पुसून टाका, रविवारी तासभर लांब चालवून आणा. परत आला नाही तर काळजी नको. परत आला आणि कूलंटची पातळीही उतरत असेल तर गॅरेज गाठा.

७. तेल बदलताना समोर उभं राहा

डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. मोठ्या ड्रममधून माप भरून आणणार असतील तर ड्रमवरची ग्रेड वाचा. गैर काही नाही, फक्त तुमच्या गाडीचीच ग्रेड आहे ना ते बघायचं.

इंजिन कोमट असताना तेल सोडावं, गाळ सोबत वाहून जातो. धार तुटून थेंब थेंब पडेपर्यंत थांबू द्या. गॅरेजमध्ये घाई असते, चांगली दहा मिनिटं मागून घ्या. चेंबरच्या नटाचा वॉशर नवा टाकायला सांगा. तो काही रुपयांचा असतो आणि जुना ठेवला की महिनाभरात पार्किंगमध्ये फरशीवर डाग पडतो. त्या नटाला पान्याला पाइप लावून आवळू देऊ नका. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर आटे जातात.

फिल्टर दर वेळी बदला. "फिल्टर पुढच्या वेळी" हे ऐकायचंच नाही. फिल्टर भरला की आतली झडप उघडते आणि तेल न गाळताच इंजिनात फिरतं. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने थोडं तेल लावून तो हाताने बसवतात, आणि जुन्याची रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना हे बघतात. दोन रिंगा एकावर एक आल्या तर तेल फवाऱ्यासारखं बाहेर येतं.

तेल भरल्यावर मिनिटभर इंजिन चालू करून बंद करायचं, खाली गळती बघायची, डिपस्टिक बघायची. मगच पैसे द्या. आमचे आत्ताचे मिस्त्री स्वतःच पट्टी पुसून माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "ताई, बघून घ्या." असा माणूस सापडला की सोडू नका.

बिलावर तेलाचं नाव, ग्रेड, एपीआयची अक्षरं, लिटर आणि रीडिंग लिहून घ्या. वॉरंटीत वाद झाला तर हाच कागद उपयोगी पडतो. मी त्याचा फोटो काढून गाडीच्या नावाने फोल्डरमध्ये ठेवते आणि पुढची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकते.

हातोहात फसायला होतं अशा जागा

परदेशी व्हिडिओ. तिकडचा माणूस सांगतो, सिंथेटिक दहा हजारांवर बदला, आणि आपल्याला वाटतं बरोबरच आहे. तो मैलांत बोलत असतो. १०,००० मैल म्हणजे १६,००० किलोमीटर. तिकडचे लांब, मोकळे रस्ते धरून तो आकडा आहे. युरोपात काही गाड्यांना ३०,००० किलोमीटर किंवा २ वर्षं सांगतात, पण त्यासाठी खास मंजुरीचं तेल आणि तेलाची अवस्था मोजणारी गाडी लागते. न्यू जर्सीतला भाऊ काय करतो ते त्याच्या गाडीला लागू.

फ्लशिंग. "आतून इंजिन धुऊन देतो" म्हणून बाटली ओततात. जुन्या, गाळ साठलेल्या इंजिनात हे करू नका. सुटलेला गाळाचा तुकडा सरळ त्या जाळीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा चांगलं तेल टाकून पुढचे दोन ऑइल चेंज ३,००० किलोमीटरवर करा, हळूहळू साफ होतं.

नकली डबा. ओळखीच्या दुकानातून, पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. झाकणाचं सील, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख बघा. आणि रिकामा डबा तिथेच सोडून येऊ नका, त्याला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडा. चांगल्या कंपनीचे रिकामे डबे नकली तेल भरण्यासाठी विकत घेतले जातात.

मिसळण्याची भीती. रस्त्यात तेल कमी पडलं आणि तुमचा ब्रँड मिळाला नाही, तर त्याच ग्रेडचं, त्याच एपीआय वर्गाचं दुसऱ्या कंपनीचं तेल टाका. मान्यताप्राप्त तेलं एकमेकांत मिसळतील अशीच बनवलेली असतात. कमी तेलावर गाडी चालवणं यापेक्षा शंभरपट वाईट.

किलोमीटर बघायचेच नाहीत अशा वेळा

जुनी गाडी विकत घेतलीत तर मालकाने काहीही सांगितलं असो, पहिल्या आठवड्यात तेल आणि फिल्टर बदला. तिथून तुमची मोजणी सुरू.

गाडी पुरात उभी राहिली तर चावी फिरवू नका. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ ला चिपळूणला पाणी ओसरल्यावर कितीतरी गाड्या अंगणात चिखलाने माखून उभ्या होत्या. अशा गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी टो करून न्या, तेल सोडून बघा, आणि स्वच्छ तेल भरून थोडा वेळ चालवल्यावर तेही पुन्हा बदला.

स्वतः बदलणार असाल तर नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका, पक्के स्टँड लावा. काढलेलं तेल गटारात, मातीत, झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं आणि ते पुन्हा शुद्ध करून वापरता येतं. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या. त्यांचं जुनं तेल अधिकृत गोळा करणारे नेतात का, तेवढं विचारून घ्या.

आणि एक शेवटचं, ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि दारात गाडी उभी असते अशा आईवडिलांसाठी. आमच्याच सोसायटीत अशा चार गाड्या आहेत. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर, दवाखाना आणि देऊळ एवढंच. "चाललीच कुठे, तेल कशाला बदलायचं?" असं काका विचारतात. काका, या गाडीचं इंजिन कधी नीट तापलेलंच नसतं, म्हणून हिला वर्षातून एकदा नवं तेल लागतंच. मुलांनो, तुम्ही दिवाळीला येता तेव्हा सगळ्यांत आधी डिपस्टिक बघा. मागच्या बिलाची तारीख वर्षापूर्वीची असेल तर सुट्टीतली एक सकाळ गॅरेजसाठी ठेवा आणि येताना गाडी हायवेवरून तासभर फिरवून आणा. आईबाबांना सोबत घ्या.